आगळीपासून अंगठ्यापर्यंत

दाराची कामे दोन. नको त्याला अडवायचे आणि हव्या त्याला जाऊ-येऊ द्यायचे. नव्या यंत्रणेची चर्चा निघाली की पहिल्या कामाबद्दल सगळे हिरीरीने बोलतात. दुसऱ्याची आठवण बहुधा दार अडून बसल्यावर होते.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत काम करणाऱ्या एका शैक्षणिक संस्थेने आपल्या दारांवरची जुनी कार्डयंत्रणा बदलायचे ठरवले आणि त्यासाठी नेमलेल्या समितीत मला घेतले. माझी सारी नोकरी दूरसंचार खात्यात गेली, त्यामुळे तारा, स्विच आणि बॅटऱ्या ही मंडळी माझ्या ओळखीची. संस्थेचे कार्यालय, महाविद्यालय आणि प्रयोगशाळा शहापूरला. मुलींचे वसतिगृह मुरबाडकडे. मध्ये किन्हवली-सरळगावचा रस्ता. दोन्हीकडची मिळून चौतीस दारे. पुरवठादाराने दिलेल्या प्रस्तावात कार्डे काढून सर्वत्र अंगठा किंवा चेहरा, सगळ्या नोंदी इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर आणि प्रत्येक दाराला विजेचे चुंबकी कुलूप असे सुचवले होते. किंमत परवडणारी होती. प्रश्न किमतीचा नव्हताच. वसतिगृहात राहणाऱ्या मुली, रोजंदारीवर झाडलोट करणाऱ्या बाया आणि रात्रपाळीचे वॉचमन या दारांशी कसे वागणार, आणि ही दारे त्यांच्याशी कशी वागणार, हा खरा प्रश्न होता. तो सोडवताना जे वाचले, मोजले आणि तपासले ते इथे क्रमाने मांडतो. शहरातल्या गृहनिर्माण संस्था, रुग्णालये, ग्रंथालये यांच्यासमोरही हाच निर्णय आज ना उद्या येणार आहे.

ओळख पटवण्याचे तीन मार्ग

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यावरून नाणेघाटाची वाट चढते. कोकणातून जुन्नरकडे जाणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. वरच्या लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असे परंपरेने सांगितले जाते. ही परंपरा खरी धरली तर त्या नाक्याचा नियम साधा होता: नाणे असेल तो पुढे जाईल. नाणे कोणाचे, हे विचारायचे कारण नाही.

गडकोटांवर दुसरी पद्धत होती, परवलीच्या शब्दाची. शब्द माहीत असेल तो आपला. आणि वाड्याच्या देवडीवर तिसरी. तिथला पहारेकरी येणाऱ्याचा चेहरा पाहून दिंडी उघडत असे.

आजचे तंत्रज्ञान या तिन्हींच्या पलीकडे गेलेले नाही. माणसाजवळ काय आहे, माणसाला काय ठाऊक आहे आणि माणूस स्वतः कोण आहे, या तीनच गोष्टींवरून कोणतेही यंत्र ओळख पटवते. कार्ड म्हणजे नाणे. पिन म्हणजे परवलीचा शब्द. अंगठा आणि चेहरा म्हणजे देवडी. प्रत्येकाचे दुखणेही जुनेच आहे. नाणे हरवते किंवा दुसऱ्याला देता येते, शब्द फुटतो आणि पहारेकऱ्याची ओळखण्यात चूक होते. पहिल्या दोन अडचणींवर उपाय सोपा असतो. कार्ड रद्द करून नवे देता येते, शब्द बदलता येतो. अंगठा मात्र बदलून मिळत नाही. त्याचा नमुना एकदा चोरीला गेला की जन्माचा गेला.

जुन्या व्यवस्थेतून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शिवकाळात गडाचा कारभार एकट्याच्या हाती दिलेला नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे बरोबरीच्या मानाचे अधिकारी असत, हे सभासदाच्या बखरीत येते. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे आणि हजेरी-हिशेब सबनिसाकडे. ज्याच्या हाती दार, त्याच्याच हाती नोंद नाही. आज बहुतेक संस्थांत एकाच संगणकावर, एकाच पासवर्डने, एकच माणूस कोणाला आत घ्यायचे तेही ठरवतो आणि कोण आले-गेले याची नोंदही बदलू शकतो.

हिरकणीची दंतकथा आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो. दारांची योजना आखणाऱ्याने ती दुसऱ्या अंगानेही वाचावी. त्या नियमात अपवादाची सोय नव्हती, म्हणून एका बाईला कडा उतरावा लागला.

दारामागे काय असते

आता यंत्राकडे येऊ. दारावर लावलेली काळी डबी म्हणजे रीडर. कार्ड जवळ नेले की ती टूं वाजते आणि दार उघडते, म्हणून निर्णय तीच घेते असे वाटते. प्रत्यक्षात ती फक्त क्रमांक वाचते आणि तारेवरून आत पाठवते. निर्णय घेणारे यंत्र म्हणजे कंट्रोलर, ते आतल्या बाजूला एका पेटीत असते. कोणत्या क्रमांकाला, कोणत्या दारातून, कोणत्या वेळी सोडायचे याची यादी त्याच्या स्मृतीत असते. जुळले की तो कुलपाचा वीजप्रवाह सोडतो किंवा तोडतो. या सगळ्या कंट्रोलरांना संगणकाच्या जाळ्याने एका सर्व्हरशी जोडलेले असते. नवे नाव घालणे, जुने काढणे आणि नोंदी साठवणे ही कामे सर्व्हरची. दाराच्या चौकटीवर एक छोटा संवेदक असतो, तो दार उघडे राहिले की सांगतो. आतल्या बाजूला बाहेर पडण्याचे बटण असते.

रीडर आणि कंट्रोलर यांच्यातली बोली बहुतेक ठिकाणी अजून 'विगंड' नावाची आहे. जॉन विगंड या संशोधकाने विशिष्ट प्रकारे पिळलेल्या तारेचा एक चुंबकीय गुणधर्म शोधला आणि १९७०च्या दशकात त्यावर आधारित कार्डे निघाली. ती कार्डे मागे पडली, पण क्रमांक पाठवण्याची रीत टिकली. तिच्या सर्वांत प्रचलित रूपात एकूण २६ बिट असतात. ८ बिट संस्थेच्या संकेतासाठी, १६ बिट कार्डाच्या क्रमांकासाठी आणि उरलेले २ तपासणीसाठी. म्हणजे संस्थेचे संकेत २५६ आणि प्रत्येकात कार्डे ६५,५३६. जगभरच्या इमारतींना हे आकडे पुरणार नाहीत हे उघड आहे, त्यामुळे एकाच क्रमांकाची दोन कार्डे निघणे मुळीच अशक्य नाही. शिवाय हा क्रमांक तारेवरून उघडाच जातो. रीडर भिंतीवरून काढून त्यामागच्या दोन तारांवर कोणी छोटे यंत्र बसवले, तर येणारा-जाणारा प्रत्येक क्रमांक त्याला मिळतो.

कार्डांचीही तीच गत. १२५ किलोहर्ट्झवर चालणारे साधे कार्ड विचारील त्याला आपला क्रमांक सांगून टाकते. त्याची नक्कल करणारे यंत्र बाजारात सहज मिळते आणि नक्कल व्हायला काही सेकंद लागतात. त्यानंतरची 'मायफेअर क्लासिक' कार्डे सांकेतिक बोली वापरतात, म्हणून सुरक्षित मानली जात. २००८मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी तो संकेत फोडल्याचे जाहीर केले. चिप बनवणारी कंपनी निबंधाची प्रसिद्धी रोखायला न्यायालयात गेली. न्यायालयाने ती रोखली नाही. यंत्रणेतला दोष लपवला म्हणून यंत्रणा सुरक्षित होत नाही, हा विचार त्या प्रकरणाने सर्वतोमुखी केला.

आमच्या संस्थेची कार्डे पहिल्या प्रकारची होती. म्हणजे यंत्रणा बदलण्याची गरज खरी होती. पण कार्डे जुनी झाली म्हणून कार्ड ही कल्पनाच टाकून द्यावी, असे त्यातून सिद्ध होत नाही. नवी सांकेतिक कार्डे मिळतात आणि रीडर-कंट्रोलरमध्ये बोलण्यासाठी 'ओएसडीपी' नावाची नवी रीत आहे. २०२०मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात संभाषण दोन्ही बाजूंनी आणि सांकेतिक होते, त्यामुळे रीडर कोणी उपटला तर कंट्रोलरला ताबडतोब कळते.

वीज गेल्यावर दार कोणाचे?

कुलपे मुळात दोन जातींची. एक, वीज गेली की उघडणारे. दुसरे, वीज गेली तरी बाहेरून बंदच राहणारे. चुंबकी कुलूप पहिल्या जातीचे असते, कारण त्यातल्या चुंबकाला सतत वीज लागते. ती थांबली की दार मोकळे. चौकटीत बसणारे विजेचे 'स्ट्राइक' दुसऱ्या जातीत मिळते. त्यात बाहेरून येणाऱ्याला अडवले जाते, पण आतल्या माणसाने मूठ फिरवली की दार उघडतेच.

हा फरक तांत्रिक वाटतो, पण माणसे त्यावर जगतात आणि मरतात. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याला आग लागली तेव्हा जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार गेले, त्यांत तरुण मुलींची संख्या फार मोठी. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात ५९ माणसे गुदमरून मेली. बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीविना उघडले पाहिजे, अशी तरतूद आहे. अंगठा ही किल्लीच आहे. धुराने डोळे चुरचुरत असताना यंत्रावर बोट टेकवून वाट पाहायला लावणारे दार या कसोटीला उतरत नाही.

प्रस्तावात वसतिगृहाच्या मुख्य दाराला आत-बाहेर दोन्हीकडे अंगठ्याचे रीडर होते. 'मुली रात्री बाहेर पडू नयेत' हे त्याचे कारण. मी आणि वसतिगृहाच्या अधीक्षिका, आम्ही दोघांनी याला पहिल्याच बैठकीत हरकत घेतली. अधीक्षिकाबाई यंत्रातले काही जाणत नसल्याचे आवर्जून सांगत, पण त्यांचा प्रश्न नेमका होता. "सर, मुलीला रात्री साप चावला आणि दार म्हणालं तुमचं बोट ओल्या हातामुळं कळेना, तर मी काय करायचं?" आमच्या भागात पावसाळ्यात साप निघणे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही.

दुसऱ्या बाजूने, वीज गेली की उघडणारे कुलूप वसतिगृहाला पुरेसे संरक्षण देत नाही. त्याचा हिशेब मी समितीपुढे मांडला. सुमारे २७० किलोचा जोर धरणाऱ्या चुंबकी कुलपाला १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर प्रवाह लागतो. कंट्रोलर आणि रीडर मिळून आणखी ०.३ अँपिअर धरा. पेटीत नेहमी बसवतात ती बॅटरी ७ अँपिअर-तासांची. ७ला ०.८ने भागले तर पावणेनऊ तास येतात. हा कागदावरचा आकडा. बॅटरी वर्ष-दोन वर्षांची झाली की पाच-सहा तासही मिळाले तर नशीब. आमच्याकडे जून-जुलैच्या वादळात तारेवर झाड पडले की रात्रभर वीज नसणे नवलाचे नाही. म्हणजे ज्या रात्री अंधार आहे, पाऊस आहे आणि रस्त्याला चिटपाखरू नाही, नेमक्या त्या रात्री उत्तररात्री दार आपोआप सताड उघडणार.

यातून निष्कर्ष असा निघाला: वसतिगृहाच्या दाराला बाहेरून बंद राहणारे आणि आतून मुठीने उघडणारे यांत्रिक कुलूप हवे. दार आतून उघडले की अधीक्षिकेच्या खोलीत घंटा वाजेल. अडवायचे नाही, कळू मात्र द्यायचे.

जाळे तुटल्यावर

यंत्रणा जाळ्यावर चालते म्हटल्यावर जाळे तुटल्यावर काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे. ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र अनेकांना आठवत असेल. फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीचे अंतर्गत जाळे उर्वरित जगापासून तुटले. बाहेरच्या जगाला निरोप जाईनात हे सर्वांना कळले. पण कर्मचाऱ्यांची दाराची कार्डेही चालत नसल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. बिघाड दुरुस्त करायला आत जायचे आणि आत जायला तेच बिघडलेले जाळे लागायचे. जगातल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एकाची ही कथा. वसतिगृहातला इंटरनेट मोबाइलच्या एका मनोऱ्यावर अवलंबून आहे, आणि त्या मनोऱ्याची वीजही तीच, जी झाड पडल्यावर जाते.

म्हणून अशा यंत्रणेत एक नियम धरावा. दार उघडण्याचा निर्णय दारापाशीच झाला पाहिजे. परवानगीची यादी कंट्रोलरच्या स्मृतीत राहावी, जाळे असेल तेव्हा ती ताजी व्हावी, आणि जाळे नसेल तेव्हा कंट्रोलरने शेवटच्या यादीवर काम चालू ठेवून नोंदी साठवून ठेवाव्यात. पुरवठादाराला विचारण्याचा पहिला प्रश्न 'तुमचे अॅप काय काय दाखवते' हा नसावा. 'ही तार मी आत्ता उपटली तर दार उघडेल का' असा तो असावा, आणि खरोखर तार उपटून पाहावी.

तारांबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकाच तारेतून माहिती आणि वीज दोन्ही नेण्याचे मानक २००३मध्ये निघाले. त्यामुळे प्रत्येक दाराशी वेगळा विजेचा जोड द्यावा लागत नाही, ही मोठी सोय झाली. पण अशी तांब्याची तार शंभर मीटरपलीकडे चालत नाही. आणि दोन इमारतींमध्ये ती उघड्यावरून नेली, तर जवळपास वीज कोसळल्यावर येणारा झटका दोन्हीकडची यंत्रे जाळतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी इमारती-इमारतींमध्ये काचतंतूच घालावा. काचेतून प्रकाश जातो, झटका जात नाही.

झिजलेले अंगठे

आता अंगठ्याकडे. आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी झाली. त्यानंतर रेशन दुकानात, बँकेत, कार्यालयाच्या हजेरीत अंगठा इतका रुळला की 'अंगठेबहाद्दर' या शब्दाचा अर्थच उलटा झाला. पूर्वी सही येत नाही म्हणून अंगठा. आता सही येऊनही अंगठा.

पण बोटावरच्या रेषा सगळ्यांच्या सारख्या टिकत नाहीत. शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबे पाऊस सरला की वीटभट्ट्यांवर जातात. चिखल मळणे, विटा थापणे, भाजलेल्या विटा उचलणे यांत बोटांची कातडी घासून निघते. भांडी-धुणी करणाऱ्या, फिनेलच्या पाण्यात रोज हात घालणाऱ्या बायांचेही तेच. म्हातारपणी रेषा उथळ होतात, थंडीत भेगा पडतात. रेशनच्या यंत्रावर चार-चार वेळा बोट टेकवणारी म्हातारी हे दृश्य आमच्याकडे कोणालाही अपूर्वाईचे वाटत नाही. झिजलेल्या बोटामागचा माणूस कष्ट करणारा असतो. म्हणजे जो अधिक राबतो त्यालाच यंत्र अधिक वेळा 'तू तू नाहीस' म्हणते.

बोट ओळखणाऱ्या यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या. परक्याला आपला समजणे ही एक, आणि आपल्याला परका समजणे ही दुसरी. यंत्र जितके कडक लावाल तितकी पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत. एक साधे गणित करून पाहू. दोनशे माणसे दिवसातून चार वेळा बोट टेकवतात आणि शंभरात एकदाच यंत्र चुकते असे धरले, तर दिवसाला आठ माणसे दाराशी अडतात. हे आठ जण रोज वेगळे असते तर कोणी तक्रार केली नसती. पण ते बहुधा तेच ते असतात.

याचा खरा जाच दार आणि हजेरी एकत्र बांधली की सुरू होतो. या परिसरातल्या एका आस्थापनेत सफाईचे काम करणाऱ्या बाईंनी मला सांगितले की यंत्राने बोट घेतले नाही त्या दिवशी त्यांचा अर्धा रोज कापला जाई. पर्यवेक्षक समोर उभा, त्याला त्या नावानिशी ठाऊक, झाडलेली फरशीही समोर. तरी 'सिस्टीममध्ये नाही' म्हणून पैसे नाहीत. देवडीवरच्या पहारेकऱ्याची चूक झाली तर त्याच्याशी भांडता येत होते. इथे भांडायचे कोणाशी?

चेहऱ्याचे यंत्र या अडचणीतून काही अंशी सोडवते, हे मान्य केले पाहिजे. मंत्रालयात २०२५च्या सुरुवातीला चेहरा ओळखून प्रवेश देणारी यंत्रणा सुरू झाली आणि त्याच वर्षी अभ्यागतांसाठी 'डिजी प्रवेश' हे अॅप आले. दलालांना आळा, गर्दीवर नियंत्रण ही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी खिडकीही ठेवली गेली. माझ्या मते त्या सगळ्या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग ती खिडकी आहे. मुरबाडला रेल्वे नाही. माळशेजच्या पायथ्याचा माणूस पहाटे निघून एसटीने कल्याण, तिथून लोकलने मुंबई असा पोचतो, तेव्हा अर्धा दिवस गेलेला असतो. त्याच्यासाठी यंत्राची चूक म्हणजे पाच मिनिटांचा खोळंबा नसतो. तो दिवस, तो रोज आणि ते काम बुडते. यंत्रणा चांगली की वाईट हे तिच्या दिमाखदार फाटकावरून कळत नाही. बाजूच्या खिडकीत माणूस बसलेला आहे का, आणि त्याला निर्णय घ्यायचा अधिकार आहे का, यावरून कळते.

नोंद कोणाची?

दाराची प्रत्येक हालचाल नोंदली जाते, हे जाळ्यावरच्या यंत्रणेचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगतात. कोणती मुलगी किती वाजता बाहेर पडली, किती वाजता आली, कोणाबरोबर आली, हे वर्षानुवर्षांचे टिपण एका क्लिकवर. प्रयोगशाळेतून उपकरण गेले तर हे टिपण उपयोगी पडेल. पण तेच टिपण उद्या कोणाच्या हाती पडले तर काय होईल, याचाही विचार हवा.

कायद्याची चौकट आता बरीच स्पष्ट झाली आहे. २४ ऑगस्ट २०१७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २६ सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात खासगी कंपन्यांना आधार-पडताळणी वापरू देणारी तरतूद रद्द झाली. २०२३मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक असून तिची माहिती गोळा करायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शैक्षणिक संस्थांना सुरक्षेसाठी काही सवलती आहेत, पण माहिती सांभाळण्याची जबाबदारी सुटत नाही. ती न सांभाळल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

अकरावी-बारावीच्या मुलींचे पालक वीटभट्टीवर असतात. त्यांच्यापैकी किती जणांना 'चेहऱ्याचा नमुना' म्हणजे काय हे समजावून मग सही घेतली जाईल? प्रवेशाच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद सरकवून घेतलेली सही ही संमती नव्हे. समितीने याचे उत्तर साधे ठेवले. जी माहिती लागत नाही ती घ्यायचीच नाही. वसतिगृहाच्या दारावर बोट नाही, चेहरा नाही. सांकेतिक कार्ड, आणि कार्ड विसरले तर अधीक्षिकेची ओळख. नोंदी नव्वद दिवसांनी पुसायच्या, एखाद्या घटनेची चौकशी चालू असेल तेवढ्याच ठेवायच्या. नोंदी पाहायला दोन व्यक्तींची संमती लागेल, आणि त्यांपैकी एक दार सांभाळणारी नसेल. हवालदार आणि सबनीस वेगळे.

बदल कसा करावा

शेवटी आखणी. चौतीस दारांची यादी केली तेव्हा प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहिले. हे दार अडवते कोणाला? ते बिघडले तर नुकसान कोणाचे? आग लागली तर यातून किती माणसे बाहेर पडतील? उत्तरे लिहिता लिहिता असे लक्षात आले की एकोणीस दारांना विजेच्या यंत्रणेची गरजच नाही. तिथे चांगले कुलूप आणि किल्ल्यांची नोंदवही पुरते. उरली पंधरा. त्यांत रसायनांची खोली, परीक्षेच्या कागदपत्रांची खोली आणि सर्व्हरची खोली यांना कार्ड आणि पिन दोन्ही. बाकीच्यांना नुसते कार्ड.

जुनी यंत्रणा एका रात्रीत काढायची नाही, हेही ठरले. काही महिने दोन्ही प्रकारची कार्डे वाचणारे रीडर लावायचे, माणसे सवयीची झाली की जुनी कार्डे बंद करायची. सुरुवात कार्यालयाच्या दारापासून, म्हणजे पहिला त्रास समितीच्या सदस्यांनाच व्हावा. दर तीन महिन्यांनी मुख्य वीज बंद करून आणि जाळ्याची तार काढून प्रत्येक दार तपासायचे. तपासणी दिवसा करायची, आणि वॉचमनमामांच्या हातून, कारण बिघाड होईल तेव्हा तिथे तेच असणार. बॅटऱ्या दर दोन वर्षांनी बदलायच्या आणि त्यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायचा. देणगीतून यंत्रे येतात. बॅटऱ्यांना देणगीदार मिळत नाही.

आणि पासवर्ड. पूर्वी मुख्याध्यापक बदलले की किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून, मोजून, सही करून नव्यांच्या ताब्यात दिला जाई. आता जुडगा पासवर्डाचा आहे आणि अनेक ठिकाणी तो पुरवठादाराच्या तंत्रज्ञाच्या वहीत असतो. यंत्रे बसवून झाली की कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा आणि नवा मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवायचा, अशी अट करारात घातली. हजेरी दाराला जोडायची नाही आणि कोणाचाही रोज यंत्राच्या नोंदीवरून कापायचा नाही, हा ठराव स्वतंत्रपणे केला. त्याला समितीत विरोध झाला. एका सदस्यांचे म्हणणे होते की मग एवढे पैसे घालण्यात अर्थ काय. ठराव एका मताने संमत झाला. पुढची समिती तो फिरवू शकते, हेही खरे आहे. तंत्रज्ञानाला जी खात्री देता येत नाही ती ठरावालाही देता येत नाही. दर वर्षी कोणीतरी ती राखावी लागते.

वसतिगृहाचे काम मेमध्ये, मुली सुट्टीला गेल्या असताना पूर्ण झाले. दाराच्या आतल्या बाजूला लांब पितळी मूठ आहे, पाचवीतल्या मुलीचा हात पोचेल इतक्या उंचीवर. तिच्याशेजारी पाटी लावायची होती. मजकूर अधीक्षिकाबाईंनी लिहून दिला: 'मूठ खाली दाबा. दार उघडेल. घंटा वाजेल. घाबरू नका, बाई येतील.'